दोघांच्या लसी, एकाचे दंड

थोरला आणि धाकटा यांच्यात अंतर होतं जेमतेम पाव तासाचं. पण त्या पाव तासाच्या जोरावर थोरला जन्मभराचा 'दादा' झाला, आणि दादा झाला म्हणून जन्मभर धाकट्याची ओझी वाहत राहिला. चेहरे असे हुबेहूब की पाठमोऱ्या मुलाला हाक मारताना त्यांची आईसुद्धा नुसतंच 'अरे' म्हणायची. पहिल्या हाकेला वळेल तो थोरला. तिसऱ्या हाकेलाही न वळेल तो धाकटा.

लहानपणी शाळेत क्षयाची लस टोचायला नर्सबाई आल्या, तेव्हा सुई पाहताच धाकटा पाण्याच्या टाकीमागे गडप झाला. थोरल्याने डावा दंड पुढे करून निमूट टोचून घेतलं. मग भावाचं नाव पुकारलं गेलं. उत्तर येईना. नर्सबाई करवादल्या. वर्गाची अब्रू जाते की काय असं वाटून थोरला पुन्हा रांगेत उभा राहिला, आणि डावा हात झाडावरून पडून दुखावलाय, असं सांगून त्याने उजवा पुढे केला. दोन्ही जागा पिकल्या, दोन्ही सुकल्या, आणि दोन्ही दंडांवर मसुराच्या दाण्याएवढी एकेक खळी कायमची राहिली. घरी कळलं तेव्हा आईने थोरल्याला दोनदा टोचून घेतल्याबद्दल फटका दिला आणि धाकट्याला एकदाही टोचलं नाही म्हणून पोटाशी धरलं.

आता दोघेही चाळिशीचे. थोरला मोटार चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, तोंडाने 'शाब्बास' म्हणायचं आणि पायाने आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबायचा, हे त्याचं काम. इतकी वर्षं ते करून त्याचा उजवा पाय कुठेही आपोआप दबायचा, सिनेमात, न्हाव्याच्या खुर्चीत, बायको जरा मोठ्या आवाजात बोलू लागली की हमखास.

धाकट्याचं काम ऐकणाऱ्याला चैनीचं वाटे. तो चहाच्या कंपनीत चहा चाखायचा. पांढऱ्या फरशीची लांब खोली, उत्तरेकडे मोठी खिडकी, ओट्यावर ओळीने मांडलेल्या वाट्या. प्रत्येक वाटीतला कोरा चहा चमच्याने घेऊन फुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि चाकांच्या पिकदाणीत थुंकायचा. खरं काम जिभेचं कमी, नाकाचं जास्त. तिथले मोठे साहेब महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांची जागा धाकट्याला मिळणार, नाहीतर 'छत्री'ला. ही छत्री म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा छत्री घेऊन येणारी त्याची सहकारी. तिला जागा मिळाली तर पहिल्याच दिवशी धाकट्याची बदली खोकी बांधायच्या विभागात करायची, हे तिने हसत हसत सांगून ठेवलं होतं. ती थट्टा करत नसे. निवड साहेब स्वतः चाखणी घेऊन करणार होते.

नेमकी तेव्हाच साथ आली. नाक वाहणार, अंग मोडून येणार, ताप असला तर असला, पण वास मात्र काही दिवस साफ जाणार. गावाला त्याचं विशेष वाटलं नाही. चहा चाखणारे मात्र तासातासाला आपापलं नाक तपासू लागले.

थोरल्याची बायको लहान मुलांची डॉक्टर. रविवारी सगळे तिच्याकडे जेवायला जमलेले असताना विषय निघाला.

"वहिनी, या व्हायरलवर काही लसबिस नाही का हो?" धाकट्याने विचारलं.

"यावर नाही, भावोजी. पण एक गंमत आहे. क्षयाची किंवा गोवराची लस मिळालेली बाळं काही ठिकाणी भलत्याच आजारांनीही कमी दगावली, असं दिसलंय. शरीराचे पहारेकरी एकदा खडबडून जागे झाले की काही काळ येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांवरच डोळे वटारत असतील, असं काही जणांना वाटतं. पण..."

त्या 'पण'च्या आत धाकट्याचा फोन वाजला आणि तो उठून गेला. अर्धं वाक्य घेऊन गेलेला माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळा व्हायला कितीसा वेळ?

सोमवारी त्याने कंपनीत जाहीर करून टाकलं की ज्याच्या दंडावर लहानपणच्या लसीची खूण, त्याला ही साथ शिवत नाही. आमच्या वहिनी डॉक्टर आहेत. साहेबांना ते फारच पटलं, कारण त्यांच्या स्वतःच्या दंडावर चांगली रुपयाएवढी खूण होती. दुपारपर्यंत फर्मान निघालं. सगळ्यांनी बाह्या वर करायच्या. खूण असेल त्याने चाखणीच्या ओट्याशी बसायचं, नसेल त्याने मागे कोठाराच्या दाराशी. बाह्या वर झाल्या. सगळ्या खोलीत बिनखुणेचा दंड निघाला तो एकच, ही बातमी आणणाऱ्याचा.

"अरे, हा तर कोरा!" छत्री म्हणाली, आणि चहाच्या कंपनीत त्याचं नाव कोरा पडलं ते पडलंच.

मंगळवारी छत्रीच फटाफट शिंकू लागली. तिच्या दंडावर तर खूण होती. पण साहेब डगमगले नाहीत. "तुझा व्रण उथळ आहे," ते म्हणाले, "नीट पिकला नसणार." दोन दिवसांत ती बरी झाली, वासही गेला नाही, तेव्हा ते म्हणाले, "बघा, उथळ असूनसुद्धा!" थोरल्याला हे सगळं धाकट्याकडून कळत होतं. शिकाऊ मंडळींच्या तोंडून त्याने हेच ऐकलेलं. गाडी भिंतीला लागली तर भिंत पुढे आली होती, नाही लागली तर आपला हात बसला होता.

बुधवारी संध्याकाळी तो बायकोला आणायला दवाखान्यात गेला, तर बाकावर कडेवरच्या पोरांच्या रांगेत धाकटा बसलेला. समोरच्या खुळखुळ्यावरून एका बाळाशी त्याची नजरानजर चालू होती.

"मला टोचा," वहिनींच्या खोलीत शिरल्या शिरल्या तो म्हणाला आणि बाही वर केली.

"आता टोचा? तीस वर्षांपूर्वी टाकीमागे कोण बसलं होतं?"

"वहिनी, शुक्रवारी माझी चाखणी आहे. नाक गेलं तर मी गेलो. खोकी बांधीन जन्मभर."

"तुम्ही त्या दिवशी 'पण' ऐकायच्या आत पळालात, भावोजी. आता ऐका." तिने हात धुतले, पुसले. "पण मोठ्या माणसांवर नीट चाचण्या घेतल्या, निम्म्यांना खरी लस, निम्म्यांना मिठाचं पाणी, तेव्हा बहुतेक ठिकाणी फरक दिसला नाही. बाळांमध्येसुद्धा कुठे दिसला, कुठे नाही. आणि असलाच तर तो किती टिकतो, कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. क्षयाची लस क्षयासाठी असते आणि ती बाळांसाठी आहे. तुमच्या मापाचं माझ्याकडे काही नाही."

"पण दादाला बघा ना, दोन लसी! कधी आजारी पडतो का?"

"दरवर्षी पडतात. कण्हत नाहीत, म्हणून तुम्हाला कळत नाही." मग ती म्हणाली, "चाचणीत कुणाला खरं टोचलंय, ते घेणाऱ्यालाही सांगत नाहीत आणि तपासणाऱ्यालाही. का, माहितीय? एकदा ठाऊक झालं की माणसाला हवं तेच दिसायला लागतं."

धाकटा ऐकत होता खरा, पण त्याची नजर थोरल्याच्या दंडांवर होती. थोरल्याचा पाय आपोआप दबला.

शुक्रवारी सकाळी आईचा फोन आला. "अरे, लगेच ये. आणि हिला सांगू नकोस." 'ही' म्हणजे डॉक्टर सून.

धाकटा आतल्या खोलीत पांघरूण घेऊन बसला होता, आई दाराबाहेर. "दादा," तो आतूनच नाकात बोलला, "कांदा फोडून नाकाशी धरला. काही नाही रे. दगडच."

"मग साहेबांना सांग, तारीख बदला."

"छत्रीची काल झाली. फक्कड झाली म्हणे. तारीख बदलणार नाही, हे साहेबांनी आधीच बजावलंय." आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "तू जा ना."

"कुठे?"

"माझ्या जागी."

"मी कॉफी पितो!"

"फुर्रकन ओढायचं, घोळवायचं, थुंकायचं. गिळायचं नाही. जास्त वेळ गप्प राहायचं. बोलायचंच झालं तर चार शब्द आहेत, उजळ, कडक, भरीव, सपाट. बाकी साहेब स्वतःच बोलतात."

थोरल्याने आईकडे पाहिलं. निदान ती तरी शहाणपणाचं बोलेल.

"जा रे," आई म्हणाली. "लहानपणी सुई टोचून घेतलीस, आता नुसता चहा प्यायचाय. आणि तुला काय होतंय? दोन-दोन लसी आहेत."

असा तो गेला. धाकट्याचा पांढरा कोट घातला, लांब बाह्यांची बटणं मनगटाशी घट्ट लावली, आणि ओट्याशी जाऊन उभा राहिला. खूण नसलेल्याला एका दिवसापुरतं ओट्याजवळ येऊ दिलंय, असं साहेबांनी उदारपणे सांगितलं. साहेब उंच, सडपातळ. कानांच्या पाळ्यासुद्धा इस्त्री केल्यासारख्या. खोलीत दोघंच. ओळीने वाट्या, प्रत्येक वाटीमागे झाकणीवर उपडी केलेली ओली पत्ती.

"चल," साहेब म्हणाले.

थोरल्याने चमचा भरला आणि ओढला. आवाज उत्तम आला, चहा मात्र थेट श्वासनलिकेत गेला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकून झाल्यावर तो म्हणाला, "कडक."

साहेबांनीही एक चमचा ओढला, छताकडे पाहिलं, थुंकले. "हं."

दुसरी वाटी. "उजळ."

"हं."

तिसरी. 'उजळ' नुकतंच होऊन गेलं होतं म्हणून तो 'भरीव' म्हणाला. साहेब पुन्हा छताकडे पाहून "हं" म्हणाले. थोरल्याला सगळ्या वाट्यांना चहाचीच चव लागत होती. आपल्या भावाला लोक पगार कशाचा देतात, असा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडला. एवढं सोपं असेल तर छत्रीशी तरी एवढं वैर कशाला? त्याने निर्धास्तपणे चौथी वाटी जवळ ओढली, आणि चमचा तोंडापर्यंत जायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं,

"अरे बाप रे, ब्रेक जळलाय!"

त्याची चूक नव्हती. हँडब्रेक ओढलेलाच ठेवून कुणी गाडी चढावर नेली की जो धुरकट करपट वास येतो, त्याचाच भाऊबंद या वाटीतून येत होता. साहेब चटकन पुढे वाकले. नाक वाटीच्या काठाला लागेल इतके. लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग मान वर न करता हळूच म्हणाले, "येतोय ना?"

थोरल्याने हा स्वर ओळखला. शिकाऊ माणसाला 'मागून गाडी येतेय का' विचारलं की तो आरशाकडे न बघताच 'येतेय ना?' म्हणतो, तोच हा. परीक्षक त्याला विचारत होता, तपासत नव्हता. साहेबांना वास येत नव्हता! रुपयाएवढी खूण दंडावर मिरवून साहेबांचं नाक दगड झालं होतं, आणि सगळ्या कंपनीला बाह्या वर करायला लावल्यावर ते आता कुणाला सांगायची सोय उरली नव्हती.

हे डोक्यात लख्ख झालं, त्याच क्षणी त्याचा उजवा पाय ब्रेक शोधायला सणकन पुढे गेला. तिथे होती चाकांची पिकदाणी. ती निसटली, ओट्यावर आदळली, आणि चौथी वाटी त्याच्या उजव्या बाहीवर पालथी झाली.

"बाही वर कर, भाजेल!" असं म्हणत साहेबांनीच बटण काढून बाही खांद्यापर्यंत सरकवली. आणि थांबले. उजव्या दंडावर मसुराएवढी खळी. त्यांनी दुसरी बाही वर केली. तिथेही खळी.

"सोमवारी कोरा होतास," साहेब म्हणाले.

"उठले, साहेब."

"दोन्ही?"

"एक उठला की दुसऱ्याला राहवत नाही."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यांत काहीतरी हललं. रागावलेत की हसतायत, ते मागून कळेना. थोरल्याच्या पायाने दोनदा फरशी दाबली. खोली थांबली नाही.

"मी थोरला," शेवटी तो म्हणाला. "त्याचं नाक आज सकाळी गेलं. लहानपणी त्याची लस मीच घेतली, म्हणून म्हटलं आजचंही... चुकलं माझं. पण साहेब, एक विचारू? तुमचं कधी गेलं?"

साहेबांनी पाठमोऱ्यानेच रुमाल काढून हात पुसले.

"बुधवारी," साहेब म्हणाले. "वाटलं, खूण आहे, येईल परत. काल छत्री बोलत होती आणि मी नुसती मान डोलवत होतो. करपट वाटी मीच मांडली होती. तिने बरोबर ओळखली म्हणे. मला कुठे कळायला? वाटीखाली खूण केली होती, ती बघितली." ते वळले, आणि आता दिसलं की ते हसत होते, तेही नाइलाज झालेल्या माणसासारखे. "अख्खी हयात लोकांना सांगितलं, डोळे मिटा, आधी वास घ्या, मग मत द्या. आणि स्वतः दंड बघून मत दिलं."

त्याच दुपारी साहेबांनी सगळ्यांना बोलावून आपलं नाक गेल्याचं सांगितलं आणि बाह्यांचं फर्मान मागे घेतलं. धाकट्याबद्दल ते एवढंच म्हणाले की तो आजारी आहे. चाखण्या रद्द. नाकं परत आली की दोघांच्या पुन्हा. "आणि तू," थोरल्याला दाराशी गाठून त्यांनी बजावलं, "तू त्या दिवशी इथे येऊन बसायचंस. माझ्या डोळ्यांसमोर. म्हणजे समोर उभा आहे तो कोण, हा प्रश्नच नको. आणि त्याच्या बाह्या खांद्यापर्यंत वर."

रविवारी थोरला शिंकला. सोमवारी त्याला बायकोच्या अत्तराचा वास येईना. मग सगळं सांगावं लागलं.

ती ऐकत गेली, आणि ऐकताना तिने थर्मामीटर त्याच्या तोंडात घातलं ते बहुधा तो मध्ये बोलू नये म्हणून. "म्हणजे एक बिनलसीचा, एक एका लसीचा, एक दोन लसींचा," ती म्हणाली, "आणि तिघांची नाकं सारखीच गेली. आता यावरून लसीत काही नाही, असं गावभर सांगत सुटू नका. तीन नाकांवरून काहीच ठरत नसतं."

"पण लवकर बरा होईल हो तो," फोनवर आई म्हणाली. "दोनदा टोचलंय."

"आई, धाकटे भावोजी तर आज बरे झाले."

"तो आधी आजारी पडला होता," आई म्हणाली, आणि तिच्यापुरता प्रश्न मिटला.

नाकं परत आली. साहेबांचं सगळ्यात शेवटी. चाखणीच्या दिवशी थोरला भिंतीकडच्या स्टुलावर बसला. आधी छत्री आली. वाट्यांपुढून झपझप गेली, दुसऱ्या फेरीत एका वाटीशी थांबली. "ही. करपट आहे," ती ठामपणे म्हणाली. साहेबांनी मान हलवली. ती छत्री उचलून बाहेर गेली.

थोरला स्टुलावर अपराध्यासारखा चुळबुळला, कारण त्याने धाकट्याला सगळं सांगितलं होतं. चार वाट्या कशा, करपट कोणती, वास कसा. भावाला मदत नको का करायला? साहेबांनी सांगू नको, असं कुठे म्हटलं होतं?

धाकटा आत आला. कोरे दंड खांद्यापर्यंत उघडे. पहिली वाटी, दुसरी, तिसरी. प्रत्येकीबद्दल चारच शब्द नव्हते त्याच्याकडे, चांगले चाळीस होते, आणि साहेब फुर्रकन ओढून खरोखरच ऐकत होते. चौथ्या वाटीशी तो थबकला. वास घेतला. थोरल्याकडे पाहिलं. पुन्हा पहिल्या वाटीपासून सुरुवात केली. दुसऱ्या फेरीतही तेच. तिसऱ्या फेरीला त्याच्या कपाळावर घाम होता. तो करपट वाटी शोधत होता, हे थोरल्याला स्वच्छ दिसत होतं. ती असायलाच हवी होती. दादाने सांगितली होती. थोरल्याचा पाय फरशीवर इतका दाबला गेला की स्टूल करकरलं.

धाकट्याने डोळे मिटले. चौथ्या वाटीवर वाकला, लांब श्वास घेतला, तसाच उभा राहिला.

"साहेब," तो डोळे न उघडताच म्हणाला, "यात करपट कुठलीच नाही."

"भावाने तर सांगितलं असेल, एक असते म्हणून."

"सांगितलंय. कोणती, तेसुद्धा सांगितलंय. मघापासून तो करपट वास मला दर फेरीत येतोय. पण डोळे मिटले की जातोय." त्याने डोळे उघडले. "नाही, साहेब. चारही स्वच्छ आहेत."

साहेबांनी चौथ्या वाटीतला चमचाभर चहा ओढला, घोळवला आणि थुंकला. "स्वच्छच आहेत," ते म्हणाले. "छत्रीला मागच्या वेळी सापडली होती, म्हणून आज पुन्हा सापडली." मग त्यांनी आपला झिजलेला चमचा कोटाच्या टोकाला पुसला आणि धाकट्याच्या हातात ठेवला.

थोरल्याचा पाय सुटला.

बाहेर पडताना धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "दादा, आता एवढंच कर. कंपनीच्या नियमाने नव्या मोठ्या साहेबाची तब्येत तपासतात. रक्तही काढतात म्हणे."

"मग?"

"सुईने."

थोरला चालू लागला. मागून एकदा हाक आली, "दादा!" दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदाही आली. आयुष्यात पहिल्यांदाच तो वळला नाही.